धाग्याचें कूळ आणि संस्कार



लोणी कढवून तूप करणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तूप उतरविलें कीं तें न हलवितां सावकाश निवूं द्यावयाचें. म्हणजे त्याला सुरेख रवा धरतो. तेंच तूप घाईनें थंड केलें, तर तें मेणासारखें गुळगुळीत थिजतें. लोणी तेंच, कढ तोच, भांडेंहि तेंच. बदलली ती केवळ निवण्याची रीत. तरीहि ताटांत वाढल्यावर दोहोंचें रूप निराळें आणि जिभेवरचा स्पर्शहि निराळा. साखरेचेंहि तसेंच आहे. पाक फार सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे टपोरे खडे बनतात. तोच पाक कडक आटवून थंड ताटांत ओतला तर कांचेसारखी पारदर्शक, ठिसूळ चकती तयार होते.

स्वयंपाकघरांतलें हें साधें शहाणपण विज्ञानाला एका निराळ्या क्षेत्रांत फार उशिरां लाभलें. तें क्षेत्र म्हणजे आपल्या घरांत चोहींकडे पसरलेल्या प्लॅस्टिकचें आणि कृत्रिम धाग्यांचें. दुधाची पिशवी, बादली, कपडे वाळत घालण्याची दोरी, टेरिलीनचा सदरा, या सर्वांना आपण सरसकट एक नांव देऊन मोकळे होतों. आणि नांव कळलें कीं गुण कळले, असें समजतों. परंतु एकाच जातीचे दाणे घेऊन एक कारखानदार बोटानें फाटणारी पिशवी काढतो, तर दुसरा त्याच जातीच्या दाण्यांतून गलबत बांधून ठेवणारा दोर वळतो. हें कसें घडतें, तें उमगावयास मनुष्याला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या उमगण्याची ही कथा आहे. ती मुंबईच्या किनाऱ्यावर सुरू होते, आपल्या पाषाणच्या माळावरून जाते, आणि तुमच्याआमच्या घरांतील वडील माणसांच्या गुडघ्यापाशीं येऊन थांबते.

१८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाच्या प्रचंड आगबोटीनें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार घातली, आणि सुएझच्या वाटेनें मुंबई व लंडन हीं समुद्रमार्गें जोडलीं गेलीं. आंतल्या तांब्याच्या तारेला खारें पाणी लागूं नये म्हणून तिच्यावर गट्टापर्चाचें वेष्टन होतें. गट्टापर्चा म्हणजे मलायाकडील एका झाडाचा चीक. कंपनी सरकारच्या नोकरींतील माँटगोमेरी नांवाच्या शल्यवैद्यानें १८४३ च्या सुमारास त्याची ओळख विलायतेस करून दिली. हा पदार्थ ऊन पाण्यांत मऊ होतो, हवा तसा दाबून बसवितां येतो आणि थंड झाला कीं चामड्यासारखा कठीण बनतो. समुद्राच्या तळाच्या गारठ्यांत तो वर्षानुवर्षें टिके, म्हणून तारायंत्राला तो फार मोलाचा वाटला.

आतां मौज अशी, कीं रबर हाहि झाडाचा चीकच. रसायनज्ञांनीं दोहोंचें पृथक्करण केलें, तेव्हां कार्बन आणि हायड्रोजन यांचें प्रमाण दोहोंतहि तंतोतंत एकच निघालें. मग एक ताणावें तितकें ताणलें जातें आणि दुसरें लांकडासारखें ताठ राहतें, असें कां? घटक तेच असतां स्वभाव वेगळा कां? एकोणिसाव्या शतकाजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. समुद्राखालून खंडाखंडांचे निरोप नेणारी वस्तु मनुष्य वापरीत होता; ती तशी कां वागते हें मात्र त्याला सांगतां येत नव्हतें.

उत्तराची पहिली पायरी १९२० सालीं चढली गेली. हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, रबर, कापूस, रेशीम अशा द्रव्यांचा रेणु म्हणजे हजारों लहान घटक पक्क्या रासायनिक बंधांनीं एकापुढें एक जोडून झालेली लांबच लांब साखळी होय. अशा द्रव्यांना आपण आतां बहुवारिकें म्हणतों. त्या काळच्या पुष्कळ पंडितांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. त्यांचा एक आक्षेप तर मोठा बिनतोड भासे. क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिलें असतां कापसाच्या तंतूंत स्फटिकाची खूण दिसे. आणि स्फटिकांत पुनःपुन्हां येणारें जें मूळ घर असतें तें या पदार्थांत अगदीं चिमुकलें निघे. रेणु आपल्या घराहून मोठा असेल कसा, असें ते विचारीत. पुढें ध्यानांत आलें कीं, एकच दोरा जसा अनेक मण्यांतून ओंवला जातो, तशी एकच साखळी अनेक घरांतून आरपार जाऊं शकते. घर लहान असलें म्हणून त्यांतून जाणारा पाहुणा लहान असलाच पाहिजे असें नाहीं. स्टाउडिंगरला नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र १९५३ सालीं, म्हणजे तेहतीस वर्षांनीं.

दुसरी पायरी रबरानेंच दाखविली. १९२५ मध्यें काट्झ या डच संशोधकानें रबराचा तुकडा क्ष-किरणांसमोर धरला. सैल रबरानें छायाचित्रावर धुरकट कडें उमटविलें. त्यांत स्फटिकाची खूण नव्हती. तोच तुकडा ताणून धरतांच त्या कड्यांत ठळक, रेखीव ठिपके दिसूं लागले. म्हणजे ताणल्याबरोबर गुंतलेल्या साखळ्या सरळ होऊन शिस्तीनें शेजारीं शेजारीं बसल्या होत्या, आणि सैल सोडतांच पुन्हां विस्कटल्या होत्या. आपणहि याचा थोडा प्रत्यय घेऊं शकतों. एक रुंद रबरी फीत झटकन ताणून ओठाला लावून पाहावी. ती कोमट लागते. सैरभैर साखळ्या शिस्तींत येतांना उष्णता बाहेर टाकतात, तिचाच तो ऊबदार स्पर्श.

गट्टापर्चाचें कोडेंहि यामुळें उलगडलें. त्याच्या साखळींतील वळणें अशा बाजूला आहेत कीं, साखळी मुळांतच सरळसोट राहते; म्हणून न ताणतांहि तिचे स्फटिक बनतात आणि पदार्थ कठीण होतो. रबराच्या साखळींत तींच वळणें दुसऱ्या बाजूला असल्यामुळें ती नागमोडी राहते आणि एरवीं स्फटिक बनूं देत नाहीं. म्हणजे कुळाला महत्त्व आहे, हें खरें. पण कुळ केवळ शक्यता देतें. ती शक्यता प्रत्यक्षांत किती उतरेल, हें संस्कारांवर अवलंबून असतें, हें यानंतर कळावयाचें होतें.

१९३० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या मनांत एक चित्र तयार झालें. सुतळीचा एक मोठा गुंता डोळ्यांपुढें आणा. या गुंत्यांत ठिकठिकाणीं कांहीं पदर काडेपेटींतल्या काड्यांसारखे समांतर बसले आहेत, ते स्फटिक. त्यांच्यामधल्या जागेंत तेच पदर वेडेवांकडे, सैल पडले आहेत. तो विस्कळित भाग. एकच लांब पदर एका स्फटिकांतून निघून सैल भागांतून फिरत दुसऱ्या स्फटिकांत शिरतो. असा पदार्थ ना पुरता स्फटिक, ना पुरता अस्फटिक. म्हणून त्याला अर्धस्फटिकी म्हणतात. स्फटिकांनीं त्याला ताठपणा आणि बळ मिळतें. सैल भागामुळें तो वांकतो, धक्का सोसतो, मोडत नाहीं. या दोहोंचें प्रमाण आणि त्यांची रचना बदलणें म्हणजेच पदार्थाचा स्वभाव बदलणें.

हा बदल हातानें घडवितां येतो, हें त्याच वर्षीं अमेरिकेंत अकस्मात् दिसून आलें. ड्यू पाँ कंपनींतील वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालीं ज्युलियन हिल नांवाचा तरुण रसायनज्ञ काम करीत असे. वितळलेल्या एका नव्या बहुवारिकांत कांचेची कांडी बुडवून त्यानें ती वर उचलली, तेव्हां तिच्यामागून एक धागा निघत आला. निवाल्यावर तो धागा फिकट आणि दुबळा होता. परंतु थंड धागा पुन्हां ओढून पाहतांच तो कित्येक पट लांबला, रेशमासारखा चकाकूं लागला आणि आश्चर्यकारक चिवट झाला. द्रव्यांत कशाचीहि भर पडली नव्हती. ओढण्याच्या एकाच संस्कारानें दुबळ्या धाग्याचा बळकट धागा झाला होता. रेशमाचा किडा हेंच लक्षावधि वर्षें करीत आला आहे. त्याच्या ग्रंथींतला रस पातळ असतो. डोकें इकडून तिकडे हलवीत तो धागा ओढून काढतो, आणि त्या ओढण्यानेंच रसाचें रेशीम होतें.

हा प्रयोग आपल्या घरीं बिनखर्चानें करण्याजोगा आहे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून तिची बोटभर रुंदीची पट्टी कापावी आणि दोन्ही टोंकें धरून ती अगदीं सावकाश ओढावी. प्रथम कांहीं होत नाहीं. मग पट्टीच्या एखाद्या ठिकाणीं कंबर पडल्यासारखी दिसते. वाटतें, आतां तेथेंच तुटणार. पण ती तुटत नाहीं. उलट ती कंबर दोहों बाजूंना पसरत जाते आणि पट्टी लांबच लांब होते. याचें मर्म असें कीं, जो भाग ओढला गेला त्यांतील साखळ्या एका दिशेनें लागल्यामुळें तो शेजाऱ्याहून बळकट झाला. म्हणून पुढचा ताण त्याला न तोडतां शेजारच्या न ओढलेल्या भागाला ओढतो. शेवटीं सर्व पट्टी बारीक झाली कीं ती बोटांना कांचूं लागते, पण सहजीं तुटत नाहीं. मात्र या बळाला एक मोल द्यावें लागतें. सर्व साखळ्या लांबीकडे लागल्यामुळें रुंदीकडे त्यांना धरून ठेवणारें थोडेंच उरतें. पार्सल बांधावयाची प्लॅस्टिकची चपटी सुतळी लांबींत कितीहि ओढा, तुटत नाहीं. पण नखानें उभी चिरली तर तिचे धागे धागे होतात, तें याच कारणानें.

हिलचा पहिला धागा व्यवहारांत टिकला नाहीं, कारण तो फार कमी उष्णतामानाला वितळे. परंतु त्याच वाटेनें जातां जातां १९३५ च्या फेब्रुवारींत कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेंत नायलॉन जन्मास आलें. दुर्दैवानें त्याची कीर्ति पाहावयास कॅरोदर्स राहिला नाहीं. १९३७ सालीं त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें. १९४० मध्यें अमेरिकेंतील दुकानांत नायलॉनचे पायमोजे आले, आणि थोड्याच काळांत महायुद्धानें तो धागा हवाई छत्र्या व दोर यांकरितां ताब्यांत घेतला.

येथें कथा आपल्या पुण्याकडे वळते. पाषाणच्या माळावर उभारलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. बहुवारिकांचा विभाग तिच्या आरंभींच्या विभागांपैकीं एक होता. तिचे दुसरे संचालक जॉर्ज फिंच हे १९५२ पासून १९५७ पर्यंत पुण्यांत होते. हे गृहस्थ दोन जगांत नांवाजलेले. विज्ञानांत त्यांची ख्याति होती ती इलेक्ट्रॉनांच्या झोतानें स्फटिकांचे पृष्ठभाग तपासण्याच्या विद्येंत. आणि गिर्यारोहकांच्या जगांत ते ओळखले जात १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंतले वीर म्हणून. प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन ते सुमारें २७,३०० फुटांपर्यंत चढले होते. तेथील थंडीसाठीं त्यांनीं बलूनच्या कापडांत पिसें भरून स्वतःचा अंगरखा करविला होता, आणि त्याबद्दल सोबत्यांची थट्टाहि सोसली होती. त्या काळचे गिर्यारोहणाचे दोर वनस्पतींच्या तंतूंचे असत. ते भिजले कीं जड व ताठ होत, आणि पडत्या माणसाचा हिसका बसला तर तुटण्याचें भय असे.

फिंच पुण्यांत असतांनाच, १९५३ च्या मे महिन्यांत, तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचले. त्यांच्यामधला दोर नायलॉनचा होता, आणि वाऱ्यापासून रक्षण करणाऱ्या त्यांच्या कपड्यांत कापसाबरोबर नायलॉन विणलेलें होतें. नायलॉनचा दोर नुसता बळकट नव्हे. तो हिसका बसतांच लांबतो, आणि लांबतां लांबतां पडणाऱ्याचा वेग स्वतःमध्यें जिरवितो. स्फटिक भार धरतात, सैल भाग धक्का गिळतो. तो दोर केवळ स्फटिकांचा असता तर ताठ राहून एकदम तुटला असता. केवळ सैल साखळ्यांचा असता तर ताणला जाऊन परत आलाच नसता. दोन माणसांचे जीव त्या दोहोंच्या मिलाफावर लोंबकळत होते, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुण्यानें ही विद्या पुढेंहि सोडली नाहीं. रघुनाथ माशेलकर, स्वामिनाथन शिवराम आणि आशिष लेले हे या प्रयोगशाळेचे तीन संचालक बहुवारिकांचेच अभ्यासक. आणि उद्योगाच्या बाजूनें पाहिलें तर १९७६ सालीं पुण्यांत गरवारे-वॉल रोप्स ही दोर आणि मासेमारीचीं जाळीं बनविणारी कंपनी निघाली. सुती जाळीं कुजूं नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यांत पुनःपुन्हां बुडवावीं लागत आणि उन्हांत वाळवावीं लागत, हें कोंकणांतल्या म्हाताऱ्या कोळ्यांना चांगलें आठवतें. कृत्रिम धाग्यानें तो खटाटोप संपविला. अशा कारखान्यांत वितळलेल्या द्रव्याचा धागा बारीक भोंकांतून काढतात, पाण्यांत झटकन निववितात, मग थोडा ऊन करून दोन रुळांमधून नेतात. पुढचा रूळ मागच्यापेक्षां कित्येक पट वेगानें फिरतो. त्या वेगांतल्या फरकानें धागा ओढला जातो. हिलच्या हातांतला प्रयोगच तो, पण आतां यंत्राच्या हातीं दिलेला. आधीं झटकन निवविण्याचेंहि कारण आहे. घाईनें निवविलें कीं स्फटिक बारीक आणि थोडे राहतात, म्हणून धागा पुढें चांगला ओढला जातो. सावकाश निवविलें तर तुपासारखे मोठे रवे धरतात, आणि ओढतांना धागा त्यांच्या सांध्याशीं तुटतो.

आतां कुळाची गोष्ट पुन्हां थोडी पाहूं. १९३३ च्या मार्चमध्यें इंग्लंडांत आय्. सी. आय्. कंपनीच्या प्रयोगशाळेंत अतिशय मोठ्या दाबाखालीं एथिलीन वायु ठेवला असतां भांड्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ सांपडला, तें पॉलिएथिलीन. त्याच्या साखळीला ठिकठिकाणीं फांद्या असतात. फांद्यांची लांकडें जशीं नीट रचून बसत नाहींत, तशा या साखळ्याहि बसत नाहींत. म्हणून स्फटिकांचें प्रमाण साधारणपणें निम्म्याच्या आसपास राहून पदार्थ मऊ होतो. १९५३ मध्यें कार्ल त्सीग्लर यांनीं कमी दाबाखालीं, विशिष्ट उत्प्रेरकांच्या साहाय्यानें जवळजवळ बिनफांद्यांच्या सरळ साखळ्या तयार केल्या. त्यांत स्फटिकांचें प्रमाण दोन तृतीयांशांच्याहि पुढें जातें; पदार्थ ताठ होतो आणि अधिक उष्णतामान सोसतो. पुढच्याच वर्षीं इटलींत जूलिओ नात्ता यांनीं पॉलिप्रॉपिलीनच्या साखळींतील उपशाखा एकाच बाजूला शिस्तीनें बसविल्या; ज्या पदार्थाचा एरवीं चिकट गोळा झाला असता त्याचा कठीण, उपयुक्त पदार्थ झाला. या दोघांना १९६३ सालचें नोबेल पारितोषिक वांटून मिळालें.

या स्फटिकांच्या आंत साखळी कशी असते, तें १९५७ मध्यें ब्रिस्टल येथील अँड्र्यू केलर यांनीं उकललें. पातळ द्रावांतून अगदीं सावकाश वाढविलेले पॉलिएथिलीनचे स्फटिक चपट्या पापुद्र्यांसारखे निघाले. जाडी मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांशाएवढी. आणि साखळी त्या पापुद्र्याच्या जाडीकडे उभी होती. साखळी तर जाडीहून कितीतरी लांब. मग ती मावली कशी? केलर यांनीं निष्कर्ष काढला कीं, लुगड्याची घडी घालावी तशी ती मागें-पुढें दुमडली असली पाहिजे. यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. साखळी घडींतच राहिली तर तिचें बळ वायां जातें, कारण घडीला ताण धरतां येत नाहीं. ती एका पापुद्र्यांतून निघून दुसऱ्यांत शिरली, तरच दोन पापुद्रे एकमेकांस बांधले जातात. हीं बांधून ठेवणारीं दुव्याचीं सूत्रें जितकीं अधिक, तितका पदार्थ चिवट.

हें कळल्यावर घडी उलगडण्याची युक्ति शोधणें ओघानेंच आलें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉलंडांतील स्मिथ आणि लेम्स्ट्रा यांनीं अति लांब साखळ्यांचें पॉलिएथिलीन द्रावांत विरघळवून, गुंता विरळ करून, मग तो धागा प्रचंड प्रमाणांत ओढला. वजनास वजन लावून पाहिलें तर हा धागा पोलादाच्या तारेच्या कित्येक पट बळकट ठरला. दुधाच्या पिशवीच्या कुळांतलाच हा, पण संस्कार झाल्यावर बंदुकीच्या गोळीला अडविणाऱ्या चिलखतांत जाऊन बसला.

येथवर ऐकून कोणाला वाटेल कीं, जितके स्फटिक अधिक तितकें बरें. या समजुतीचें खंडन करणारी गोष्ट आपल्या रस्त्यांखालींच आहे. पुण्यांत घरोघर गॅस पोहोंचविणाऱ्या पिवळ्या नळ्या पॉलिएथिलीनच्या असतात. त्या मुद्दाम मध्यम घनतेच्या द्रव्याच्या करतात, सर्वाधिक स्फटिक असलेल्या द्रव्याच्या नव्हे. कारण नळी एका दिवसांत फुटण्याचें भय नसतें. भय असतें तें वर्षानुवर्षांच्या मंद ताणानें सूक्ष्म चीर हळूहळू वाढण्याचें. स्फटिकांमधलीं दुव्याचीं सूत्रें हीच त्या चिरेला अडविणारी भिंत होय. पदार्थांत शिस्तीचा अतिरेक केला तर हीं सूत्रें कमी होतात.

या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा मनुष्याच्या शरीरांत झाली. इंग्लंडांतील शल्यविशारद जॉन चार्नली यांनीं १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत टेफ्लॉनची वाटी बसविली. टेफ्लॉन हेंहि अर्धस्फटिकी बहुवारिक, आणि तें अति निसरडें. रोगी चालूं लागले, सर्वत्र जयजयकार झाला. पण दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजून त्यांचा चुरा शरीरांत पसरला आणि सांधे पुन्हां दुखूं लागले. त्यांतील साखळ्यांचें परस्परांना धरून ठेवणें इतकें दुबळें होतें कीं, थर थरावरून सहज निसटत. चार्नलींना आपल्याच रोग्यांना पुन्हां टेबलावर घ्यावें लागलें. टेफ्लॉनचा चुरा स्वतःच्या मांडींत टोंचून घेऊन त्याचा परिणाम त्यांनीं पाहिला, इतकी त्यांना ती गोष्ट लागली होती. १९६२ मध्यें एक विक्रेता अति लांब साखळ्यांच्या पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. तें द्रव्य लँकेशरच्या मागांच्या दांतेरी चाकांत वापरीत. चार्नलींनीं तें पाहून बाजूला टाकलें. त्यांचा साहाय्यक हॅरी क्रेव्हन यानें मात्र तें झिजविण्याच्या यंत्रावर लावलें, आणि कित्येक दिवस यंत्र फिरवूनहि तें जवळजवळ झिजलें नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें पहिल्या रोग्याला बसविलें गेलें. आजहि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांत धातूच्या दोन भागांमध्यें असते ती चकती याच द्रव्याची.

पण कथा तेथें संपत नाहीं. ह्या चकत्या निर्जंतुक करण्यासाठीं गॅमा-किरणांखालीं धरीत, आणि तेव्हां भोंवतीं हवा असे. किरणांनीं कांहीं साखळ्या तुटत आणि प्राणवायु त्या तुटक्या टोंकांना चिकटून आणखी साखळ्या कापीत जाई. कापलेले आंखूड तुकडे मोकळे होऊन शिस्तींत बसत. स्फटिकांचें प्रमाण वाढे, घनता वाढे, आणि पृष्ठाखालीं पांढरा, ठिसूळ पट्टा तयार होई. चकती फडताळांत नुसती पडून असतांनाच हें सर्व चाले. नव्वदीच्या दशकांत अशा चकत्या सोलल्यासारख्या फुटूं लागल्या, तेव्हां मर्म उमगलें. यानंतर निर्जंतुकीकरण हवा वगळून होऊं लागलें. पुढें किरणांनीं साखळ्या आडव्या बांधून, मग उष्णतेनें उरलेलीं चंचल टोंकें शांत करण्याची रीत आली. तीहि निर्दोष नव्हे. झीज कमी होते, पण चिवटपणाहि थोडा उणावतो. द्रव्य उत्तम होतें. संस्कारांतल्या एका दुर्लक्षानें त्याचा घात झाला होता, आणि त्याची किंमत रोग्याला मोजावी लागली.

आपल्या पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल संचेती यांनीं मांडी घालून बसण्याची भारतीय संवय ध्यानांत घेऊन ‘इंडस’ नांवाचा गुडघ्याचा सांधा सिद्ध केला. पुण्यांतल्या किती तरी घरांत आजी-आजोबा असा एखादा सांधा घेऊन पुन्हां पर्वतीच्या पायऱ्यांकडे पाहूं लागले आहेत. त्यांच्या गुडघ्यांतला तो पांढरा तुकडा दुधाच्या पिशवीचा आणि एव्हरेस्टच्या दोराचा नातलग आहे. तो किती वर्षें साथ देईल, हें केवळ त्याच्या कुळावर ठरणार नाहीं. त्याला कसें तापविलें, कसें निवविलें, कोणत्या हवेंत ठेविलें, यावरहि ठरेल.

तेव्हां पुढच्या वेळीं कोणी एखादी वस्तु हातांत देऊन ‘हें चांगलें प्लॅस्टिक आहे’ असें म्हणाला, तर त्याला थोडें थांबवावें. चांगलें किंवा वाईट हें विशेषण द्रव्याच्या नांवाला लागत नाहीं. तें त्याच्या इतिहासाला लागतें. रवाळ तूप करणारी गृहिणी हें केव्हांच जाणत होती. तिला साखळ्या, घड्या आणि दुव्याचीं सूत्रें ठाऊक नव्हतीं इतकेंच. पण उतरविलेलें पातेलें कोणी हलवूं लागला, तर ती त्याचा हात धरी.